कोपर आणि कोपरा



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं सांगितल्यावर पहिला विचार पळून जायचाच आला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. विषय मात्र माझ्या मानेचा आहे, आणि मान दुखायला लागली की ती कुठल्याच मीडियमची राहत नाही!

सबमिशनच्या आठवड्यात आपल्या होस्टेलमध्ये रात्री अकरा वाजता एक फेरी मारा. तीन प्रकारचे प्राणी दिसतील. पहिला पालथा : पोटावर झोपून, उशीवर कोपरं टेकवून टायपिंग करणारा. दुसरा उताणा : लॅपटॉप पोटावर, हनुवटी छातीला. तिसरा भिंतीला टेकलेला : कॉटवर पाय पसरून, पाठीचा पूर्ण धनुष्य. खोलीत टेबल-खुर्ची असते, पण टेबलावर बादली, डबे आणि धुतलेले कपडे असतात. खुर्चीवर न धुतलेले!

मी दुसऱ्या प्रकारातली होते. तिसऱ्या सेमिस्टरला मान एका बाजूला वळायचीच बंद झाली. डॉक्टरांनी गोळ्या कमी दिल्या आणि प्रश्न जास्त विचारले : बसतेस कुठे? उजेड कुठून येतो? किती वेळाने उठतेस? एकाचंही उत्तर मला नीट देता आलं नाही. मग मी मेजर टेप घेतली आणि या विषयाच्या मागे लागले. त्यातून जे शिकले ते इथे लिहिते. होस्टेलला उपयोगी पडेल, आणि पुढे कधी घरून नोकरी करायची वेळ आली तर तेव्हाही.

आधी आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं बघू. (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण एसटीत बसल्यावर आमच्या तोंडात अजून ‘नगर’च येतं, म्हणून जुन्या गोष्टी सांगताना तेच लिहिते.)

उदाहरण पहिलं : किल्ल्यातली खोली

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली आणि कार्यकारिणीच्या सभासदांना रेल्वेने नगरला आणून भुईकोट किल्ल्यात ठेवलं. पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव असे बारा जण तिथे होते. बाहेर जायचं नाही, कधी सुटणार ते माहीत नाही. या किल्ल्यात एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. हाताने लिहिलेली जवळजवळ हजार पानं! मौलाना आझाद भल्या पहाटे उठून स्वतःचा चहा करायचे आणि एका मित्राला पत्रं लिहायचे. तुरुंगातून ती पत्रं पाठवता येत नव्हती, तरी लिहायचे. त्यांचं पुढे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झालं. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी भांडण आणि मग दोस्ती, हेसुद्धा त्यात आहे.

आता कोणी म्हणेल, बघा, त्यांना कुठे होती रिव्हॉल्व्हिंग चेअर? मन असलं की कुठेही काम होतं. मला तसं वाटत नाही. तुरुंग ही काही आरामाची जागा नव्हे, आणि त्या लोकांची बरोबरी आपण करूही नये. पण दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, आझादांची लिहायची वेळ ठरलेली होती, पहाटेची, आणि ती त्यांनी मोडू दिली नाही. दोन, नेहरू नुसते बसून राहिले नाहीत. किल्ल्यातली जमीन दगडगोट्यांची, तरी ते कुदळ घेऊन फुलझाडांचे वाफे खणायचे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी हे सांगितलंय. म्हणजे बसून करायच्या कामाला उभं राहून करायच्या कामाची जोड होती.

उदाहरण दुसरं : घरातला कारखाना

‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द आपण २०२० मध्ये शिकलो. पण नगर शहरातल्या आणि संगमनेरच्या विडी कामगार बायका कितीतरी आधीपासून हेच करत आल्यात. नगरमध्ये यात पद्मशाली समाजातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका पुष्कळ. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा. पानं भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घ्यायचं आणि विड्या वळायच्या. हिशोब हजारावर. तयार विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे खराब निघालेल्या बाजूला काढतात. या कामाला ना टेबल, ना खुर्ची. जमिनीवर बसून, मान खाली घालून, तासन्तास. बाजूला चूल, मूल आणि तंबाखूची धूळ.

१९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला. त्यात कच्चा माल घरी नेऊन विड्या वळणारी बाईसुद्धा ‘कामगार’ धरली गेली. मला ही गोष्ट वाचून थांबायलाच झालं. घरात बसून काम करणारी बाई काम करते, हेसुद्धा कायद्यात लिहावं लागलं! कारण ती घरातच असते, त्यामुळे बघणाऱ्याला ती ‘घरी’ दिसते, ‘कामावर’ दिसत नाही.

हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी मी परत त्यावर येणार आहे.

आता मेजर टेप काढा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपण आधी टेबल विकत घेतो आणि मग त्याच्याप्रमाणे शरीर वाकवतो. उलटं करायचं. माप शरीराचं घ्यायचं, आणि सुरुवात कोपरापासून करायची.

१. बैठक : खुर्चीवर ताठ बसा, खांदे सैल सोडा, हात कोपरात काटकोनात वाकवा. कीबोर्ड या कोपराच्या उंचीला पाहिजे. बाजारातलं टेबल साधारण ७५ सेंमी उंच असतं आणि खुर्चीची बैठक ४५ च्या आसपास. माझी उंची १५५ सेंमी. माझं कोपर बैठकीपासून २२ सेंमीवर येतं, म्हणजे जमिनीपासून ६७ वर. टेबल ७५ ला. फरक ८ सेंमीचा. हा फरक भरून काढायला मी दिवसभर खांदे उचलून बसत होते, आणि संध्याकाळी खांदे का भरून येतात म्हणून विचार करत होते!

टेबलाचे पाय कापले तर रेक्टर मलाच कापतील. म्हणून मी उंच झाले. आजीची गोधडी घडी घालून खुर्चीवर ठेवली. (माप बसल्यावर घ्या, गोधडी दबते.) बैठक ५३ झाली, पण आता पाय लोंबकळायला लागले. पाय अधांतरी राहिले की मांडीच्या खालच्या बाजूला खुर्चीची कड रुतते आणि मुंग्या येतात. माझ्या गुडघ्याच्या मागची उंची ३९, म्हणजे १४ सेंमी कमी पडले. दोन विटा एकावर एक ठेवल्या की साधारण तेवढेच होतात. तशा दोन जोड्या, वर एक फळी. फूटरेस्ट तयार, खर्च शून्य. बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी विचारून घ्या, न विचारता नको!

पाठीच्या खालच्या बाजूला टॉवेलची गुंडाळी ठेवा. कमरेला आत वळलेला नैसर्गिक बाक असतो, त्याला आधार मिळतो.

२. पडदा : लॅपटॉपचा मूळ दोष त्याच्या डिझाइनमध्येच आहे. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. कीबोर्ड कोपराला आणला की पडदा खाली जातो, पडदा डोळ्यांसमोर आणला की हात वर जातात. दोन्ही एकदम बरोबर येऊच शकत नाहीत. उपाय एकच, दोघांचा काडीमोड! लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर १५ ते २० सेंमी वर चढवा, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली येईल. आणि वेगळा कीबोर्ड-माउस लावा. काहीशे रुपयांत मिळतो. चळतीसाठी सीनियर लोकांनी सोडून गेलेली जाडी पुस्तकं उत्तम. मी तरी त्यातलं एम-थ्री शेवटी कामाला आणलं!

मान वाकली तर एवढं काय होतं? फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. डोक्याचं वजन साधारण ५ किलो. मानेच्या मुळापासून डोक्याचा गुरुत्वमध्य १५ सेंमीवर धरू, आणि मागचे स्नायू सांध्यापासून ४ सेंमीवर ओढतात असं समजू. मान सरळ असताना डोकं जवळजवळ मणक्यावरच तोललेलं असतं. १५ अंश वाकवली की मोमेंट आर्म ३.९ सेंमी, स्नायूंवर ओढ सुमारे ५ किलोची. ३० अंशाला ९ किलोच्या वर. ४५ अंशाला १३. ६० अंशाला १६. आकडे ढोबळ आहेत, प्रत्येकाचं शरीर वेगळं. पण गोष्ट समजते : डोकं तेच, फक्त अंतर वाढतं. पोटावर लॅपटॉप ठेवून चार तास असाइनमेंट करणं म्हणजे मानेला चार तास धान्याचं पोतं धरायला लावणं. बिचारी बोलत नाही म्हणून काय झालं!

३. उजेड : याचा मानेशी काय संबंध, असं मलाही वाटायचं. पण उजेड कमी असला की माणूस आपोआप पुढे झुकतो. म्हणजे खराब बैठकीचं कारण कधी कधी खुर्ची नसतं, दिवा असतो.

वाचन-लेखनाला कामाच्या जागी ३०० ते ५०० लक्स उजेड असावा असं धरतात. एक लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन. आपली खोली १० बाय १२ फूट, म्हणजे ११ चौरस मीटर. २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्यूमेन देते. सगळा उजेड खाली आला असं मानलं तरी १८० लक्स, आणि तसा तो येत नाही. निम्मा भिंती आणि आपण लावलेली पोस्टर्स खातात. शिवाय ट्यूब पाठीमागे असेल तर वहीवर आपलीच सावली. म्हणून खोलीत लख्ख वाटलं तरी वहीवर अंधारच असतो. ७ वॅटचा एक एलईडी टेबल लॅम्प जवळ ठेवला की प्रश्न मिटतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी तो डाव्या बाजूला ठेवावा, डावखुऱ्यांनी उजव्या. फोनच्या ॲपवर लक्स मोजता येतात. अगदी अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात.

खिडकी बाजूला घ्या. समोर असली तर डोळे दिपतात, मागे असली तर पडद्यावर चमकते. आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या एखाद्या वस्तूकडे वीस सेकंद बघा. समोरच्या विंगकडे नव्हे, झाडाकडे!

४. वीज : लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा, म्हणजे ०.३ अँपिअरसुद्धा घेत नाही. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर. साधा एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचा. आता तुम्हीच ठरवा, दोन्ही एका बोर्डवर लावायचे का. एका बोर्डला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशी आगगाडी तर करूच नका. बोर्ड जमिनीवर, बादलीपाशी नको. अर्थिंगची तिसरी पिन तोडून प्लग घुसवणारे महाभाग इंजिनिअरिंग कॉलेजातच सापडावेत, हे दुर्दैव!

५. उठणं : सगळ्यात चांगली बैठक म्हणजे पुढची बैठक. कितीही मापात बसलात तरी अर्ध्या तासाने उठा. माझी युक्ती सोपी आहे. मोठी बाटली ठेवायची नाही, छोटी ठेवायची. ती सारखी संपते आणि कूलरपर्यंत जावंच लागतं. प्रत्येकाला काही किल्ल्यात वाफे खणायला मिळणार नाहीत.

आणि कॉट फक्त झोपायला. आझादांची पहाट ठरलेली होती, तसा आपला कोपरा तरी ठरलेला असू दे.

शेवटचं माप

आता जो मुद्दा बाजूला ठेवला होता, त्यावर येते.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा दादा पुण्याहून लॅपटॉप घेऊन नगरला घरी आला. आमचं घर दोन खोल्या आणि किचनचं. हॉलमधल्या खिडकीजवळ आईचं शिलाई मशीन होतं. ती ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म शिवते. दादाला मीटिंग असायच्या, मागे भिंत चांगली दिसायला हवी, नेटवर्क खिडकीपाशीच यायचं. एका दिवसात मशीन उचलून बाथरूमसमोरच्या पॅसेजमध्ये गेलं आणि खिडकीत दादाचं टेबल आलं. पुढे माझी दहावी ऑनलाइन झाली. त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. मला आतली खोली मिळाली, बाबांना हॉलचा दुसरा कोपरा. सगळ्यांची सोय लागली. दादाला कंपनीने खुर्चीसाठी पैसेसुद्धा दिले. आई पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मास्क शिवत होती. त्याला आम्ही कोणी ‘वर्क फ्रॉम होम’ म्हटलं नाही.

२०२२ मध्ये दादा पुण्याला परत गेला. टेबल खिडकीतच राहिलं. त्यावर पेपरची रद्दी, इस्त्रीचे कपडे आणि एक प्लास्टिकची फुलदाणी जमा झाली. मशीन पॅसेजमध्येच राहिलं.

गेल्या दिवाळीत मी हे सगळं नवीन शिकून घरी गेले आणि उत्साहाने घरभर माप घेत सुटले. आईच्या सुईपाशी फोन धरला. ४० लक्स! दुपारी बारा वाजता. दादाच्या रिकाम्या टेबलावर ३८०. आई सुईत दोरा ओवताना नाक मशीनला लागेल इतकी वाकायची. गेली दोन-तीन वर्षं रात्री उजव्या खांद्याला बाम लावते, ते मी रोज बघत होते. माझी मान दुखली तर मी डॉक्टर, टेप, मेकॅनिक्स सगळं केलं. तिच्या खांद्याला मी फक्त बामची बाटली उघडून दिली होती.

‘‘आई, मशीन परत खिडकीत आणू या.’’

‘‘अगं, राहू दे. दादा आला की बसेल कुठे तो? माझं काय, मी कुठंही बसते.’’

बाबापण म्हणाले, ‘‘कशाला हलवाहलव? सणासुदीचं.’’

‘मी कुठंही बसते.’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. जेवायला, गाडीत, लग्नात. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला माप वाटलं. चुकीचं माप. कोणीही ‘कुठंही’ बसू शकत नाही. शरीर तशी परवानगी देत नाही, आत्ताच वरती हिशोब करून दाखवला.

मी दादाला फोन लावला. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘ते टेबल अजून तिथंच आहे? मला वाटलं केव्हाच काढलं असेल. काढ की! मी डायनिंग टेबलवर बसेन.’’ म्हणजे ज्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, त्याला ती नकोच होती!

बाबांनी आणि मी मिळून मशीन उचललं. ओतीव लोखंडाचं, चांगलंच जड. खिडकी आईच्या डाव्या हाताला येईल असं लावलं. स्टुलाऐवजी दादाची कंपनीची खुर्ची दिली, तिची उंची आईच्या कोपराला जुळवली. संध्याकाळसाठी सुईजवळ छोटा एलईडी दिवा. मी टेप घेऊन तिच्याभोवती फिरत होते तेव्हा ती म्हणाली, ‘‘अगं, तू मला मापतेस की मशीनला? आजवर मीच सगळ्यांची मापं घेतली.’’ आणि हसली. मला हसू आलं नाही.

खांदा पूर्ण बरा झाला असं खोटं लिहिणार नाही. इतक्या वर्षांचं दुखणं एका दिवाळीत जात नाही. पण मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली की, आता दोरा पहिल्या फटक्यात ओवता येतो.

तर दोस्तांनो, होमवर्क दोन भागांत. पहिला, आज रात्री टेबलावरची बादली खाली उतरवा आणि स्वतःच्या कोपराचं माप घ्या. दुसरा, सुट्टीत घरी जाल तेव्हा बॅगेत मेजर टेप न्या. घरात कोण ‘मी कुठंही बसते’ किंवा ‘बसतो’ म्हणतं ते शोधा. आई मशीनवर बसत असेल, आजी विळीवर, बाबा दुकानाच्या गल्ल्यावर. स्वयंपाकाचा ओटासुद्धा मोजा. उभं राहिल्यावर कोपरापेक्षा १० ते १५ सेंमी खाली असावा. उंच पडत असेल तर पायाखाली फळी घालता येते.

आपण इंजिनिअर होणार, मोठमोठ्या मशीनची मापं घेणार. पहिलं माप घरातलं घेऊ या. आणि हो, लेख वाचताना मान किती अंशात आहे, तेवढं बघा!